अंडं नाही ना?

परदेशात जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडून तिथल्या खाण्याचं वर्णन ऐकणं ही शिक्षा आहे, आणि ती मी बऱ्याच जणांना दिली आहे. पोर्तुगालहून परतल्यावर पहिले पंधरा दिवस मी कारखान्याच्या कँटीनमध्ये, पडेगावच्या आमच्या सोसायटीच्या गेटवर, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथं कोणी सापडेल तिथं लिस्बनच्या पेस्ट्रीबद्दल बोलत होतो. तिचे पापुद्रे कसे कुरकुरीत, आतलं कस्टर्ड कसं कोमट, वर ठिकठिकाणी कसे करपल्याचे काळे डाग, त्यावर दालचिनीची पूड कशी भुरभुरायची. ऐकणारा ‘वा’ म्हणायचा आणि हळूच मोबाईल बघायचा. अशा बढाईखोरांचा मला आयुष्यभर तिटकारा होता. त्या पंधरा दिवसांत मी त्यांच्यातलाच एक झालो होतो.

एक गोष्ट मात्र त्या बडबडीत मी कोणालाच सांगितली नाही.

सहलीला माझ्याबरोबर माझी थोरली बहीण होती. तिला मी आक्का म्हणतो. ती करमाडला राहते, मुलगा-सुनेजवळ. मेहुणे गेल्याला तीन वर्षं झाली. माझा कारखाना शेंद्र्याला. गेटपासून तिचं घर गाडीनं दहा मिनिटांवर. तरी मेहुणे गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात मी तिच्याकडे चारदा गेलो असेन. चारही वेळा गाडीची किल्ली हातातच ठेवून चहा प्यालो. ती कधी काही बोलली नाही. बोलली असती तर मी तिला पैठणला किंवा वेरूळला नेऊन आणलं असतं आणि विषय संपवला असता. ती बोलली नाही म्हणून मी थेट पोर्तुगाल काढलं. अपराध जेवढा जुना, तेवढी सहल लांबची, असा काहीतरी माझा हिशेब असावा. बायकोला परीक्षेचं काम होतं. ती म्हणाली, “आक्कांना न्या. तुमचं मन तरी मोकळं होईल.” बायकोला माझी नाडी ठाऊक आहे.

आक्काचं सासर महानुभाव पंथाचं. लग्नानंतर तिनंही उपदेश घेतला, म्हणजे पंथाची दीक्षा घेतली. आमच्या माहेरी रविवारी मटण शिजायचं आणि तिला ते आमच्यात सगळ्यांत जास्त आवडायचं. उपदेशानंतर तिनं मांस सोडलं, अंडं सोडलं, आणि सोडल्याचं कधी कोणाला ऐकवलं नाही. फक्त परक्या ठिकाणी काही तोंडात घालायच्या आधी ती विचारायची, “यात अंडं नाय ना?” केक असो, बिस्किट असो, लग्नातलं आईस्क्रीम असो. एवढाच तिचा नेम.

आमच्या ग्रुपमध्ये चोवीस जण होते. निम्मे आमच्या शहरातले, निम्मे पुण्याचे. सहल कंपनीनं ‘रोज रात्री भारतीय जेवण’ असं वचन दिलं होतं आणि लोकांनी सहलीतलं तेवढंच वचन मनावर घेतलं होतं. समुद्रावरच्या किल्ल्यासमोर बस थांबली की अर्धे लोक खाली उतरायच्या आधी शेंगदाण्याची चटणी शोधायचे. एक निवृत्त इंजिनिअर दर जेवणाला पनीरची चव पुण्यातल्या एका हॉटेलच्या पनीरशी ताडून बघायचे आणि नापास करायचे. दुसरं टोक म्हणजे आमच्याच शहरातले एक डॉक्टर. ते प्रत्येक पदार्थाचा फोटो तीन बाजूंनी काढायचे, आणि फोटो निघेपर्यंत त्यांच्या बायकोचा हात हवेत थांबलेला असायचा. मी या सगळ्यांकडे वरून बघत होतो. मी स्थानिक खाणारा माणूस. मी सकाळी लवकर उठून गल्लीतल्या टपरीवजा हॉटेलात उभ्यानं कॉफी पिणारा, कोळशावर भाजलेले मासे काट्यांसकट खाणारा. बसमध्ये चिवड्याचं पुडकं फुटल्याचा आवाज आला की मी खिडकीबाहेर बघायचो, जणू ती माणसं माझ्याबरोबर नव्हतीच.

आणि आक्का? खरं तेच लिहायचं तर मला तिचीही लाज वाटत होती. विमानात तिनं हवाई सुंदरीला मराठीत विचारलं, “यात अंडं नाय ना, बाई?” ती गोंधळली, मी मध्ये पडलो. विमानतळावरच्या दुकानात पुन्हा तेच. वाटेत माद्रिदला मुक्काम होता, तिथं हॉटेलच्या नाश्त्याला पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, “आक्का, तूच विचारत जा ना. सोपं आहे. ‘नो एग?’ एवढंच म्हणायचं.”

“नो एग,” तिनं म्हणून बघितलं. “येवढंच? मग मी उगं तुला तरास देत व्हते.”

तिला ते फार आवडलं. बसमध्ये तिनं शेजारच्या बायकांनाही शिकवलं. “नो एग म्हणायचं. इंग्रजी लई सोपी हाय गं, आपण उगंच भितो.”

आता नीट बघितलं तर घोळ त्या दोन शब्दांच्या इंग्रजीतच होता, आणि तो मीच घातला होता. आपल्याकडे ‘अंडं नाही ना?’ असं विचारलं आणि समोरचा ‘हो’ म्हणाला, तर त्याचा अर्थ अंडं नाही. हो, तुमचं बरोबर, नाही. तिकडे ‘नो एग?’ विचारलं आणि समोरचा ‘येस’ म्हणाला, तर त्याचा अर्थ आहे. मी तीस वर्षं परदेशी गिऱ्हाइकांशी इंग्रजीतून बोलतोय. एका मशीनच्या चाचणीवरून याच ‘येस’नं आमच्या कारखान्यात एकदा मोठा गोंधळ झाला होता आणि नव्या पोरांना हे समजावणारा माणूस मीच होतो. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

लिस्बनला पहिल्या सकाळी मी आक्काला घेऊन एका बेकरीत गेलो. छोटंसं दुकान, निळ्या फरशा, काचेमागं त्या पिवळ्या वाट्यांसारख्या पेस्ट्र्यांची ताटंच्या ताटं. पाश्तेल म्हणतात त्यांना. मागं रांग दारापर्यंत गेलेली. कामावर निघालेली माणसं, हातात नाणी तयार. मी दोन सांगितल्या. आक्का पुढं झाली आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, “नो एग?”

मुलीनं कपाळाला आठी घातली. “एग? येस, येस.”

आक्का माझ्याकडे वळली. तिचा चेहरा फुलला होता. “येस म्हणली बघ.”

मागच्या माणसानं घसा साफ केला. पेस्ट्र्या बशीत आल्या होत्या, गरम. आता आक्काला बाजूला घेऊन समजावायचं, पेस्ट्री परत द्यायची, मग तिच्यासाठी नुसता ब्रेड आणि जॅम शोधायचा, मग तिनं ‘राहू दे रे, तू खा’ म्हणत माझ्यासमोर बसून मला खाताना बघायचं. हे सगळं मला एका क्षणात दिसलं आणि त्याचा वैताग आला. एवढ्या लांब येऊन हिचा जीव अंड्यात अडकलाय, असं मनात आलं. अगदी याच शब्दांत आलं. आणि मी म्हणालो, “हो, म्हणाली ना ती.”

हे वाक्य मी नंतर खूप वेळा तपासलं आहे. त्यात खोटं काही नाही. ती मुलगी ‘येस’ म्हणाली होतीच. वकील असतो तर मी सुटलो असतो.

आक्कानं पहिला घास घेतला आणि तिचे डोळे मिटले. मग म्हणाली, “भाऊ, हे आपलं कस्टर्डच की रे. डब्यातलं. त्यात आपण फळं घालतो, यांनी भाजलं, येवढाच फरक.” आमच्या घरोघरी जी कस्टर्ड पावडर मिळते तिच्यात अंडं नसतं, मक्याचं पीठ असतं. पिवळा रंग बघून तिला शंका यायची ती उलट मिटली. तिनं ती पेस्ट्री सावकाश खाल्ली, बशीतले पापुद्र्यांचे तुकडे बोटानं टिपून खाल्ले, आणि मग तिनं जे केलं ते माझ्या आठवणीत तिनं पूर्वी कधीच केलं नव्हतं. तिनं मागितलं.

“आजून एक घेऊ का?”

मी आणली. काय करणार होतो? आता सांगितलं तर पहिली तिच्या पोटात गेलेली होती. असा एक भ्याड तर्क असतो, आणि त्याला दर तासानं नवं बळ येत जातं. आम्ही लिस्बनला चार दिवस होतो. ती रोज सकाळी माझ्या आधी तयार होऊन हॉटेलच्या खाली उभी असायची. तिसऱ्या दिवशी ते फोटोवाले डॉक्टर आमच्या शेजारच्या टेबलावर येऊन बसले. आक्का हात धुवायला गेली तेव्हा त्यांनी तिच्या बशीकडे बोट करून विचारलं, “ताईंना अंडं चालतं वाटतं? बसमध्ये तर फार कडक होत्या.”

मी हसलो आणि म्हणालो, “इथं चालतं.”

डॉक्टरही हसले. आम्ही दोघं शिकलेली, जग बघितलेली माणसं, एका करमाडच्या बाईवर हसलो. तिची जागा रिकामी होती आणि तिची पर्स माझ्या मांडीवर होती. ज्या डॉक्टरला मी आठवडाभर मनातल्या मनात उथळ म्हणत होतो, तो त्या टेबलावर माझ्यापेक्षा बरा होता. त्यानं निदान प्रश्न तरी विचारला.

परत आल्यावर मी वर लिहिलेली बडबड केली. आक्कानंही केली, पण तिच्या बडबडीनं कोणी घड्याळ बघितलं नाही. करमाडला तिच्या ओट्यावर बायका जमायच्या. तिला किल्ले, चर्च, समुद्र काही फार आठवत नव्हतं. तिला ती पेस्ट्री आठवत होती, आणि तिचं मोठं सांगणं असं की एवढ्या लांबच्या, सगळं खाणाऱ्या लोकांत आपल्यासारख्यांना चालेल असा पदार्थ घरोघर होतो. “आपण विचारत नाय म्हणून कळत नाय. इचारलं की सांगत्यात.” पुढच्या पौर्णिमेला आश्रमात कार्यक्रम होता. तिथं सगळ्यांसाठी ती तशा पेस्ट्र्या करून नेणार होती.

एका दुपारी तिच्या सुनेचा फोन आला. ती मला मामा म्हणते आणि सासूला, आक्काला, आत्याबाई. हुशार मुलगी आहे, शिवणकाम करते, मोबाईलवर बघून नवे नमुने शिकते.

“मामा, आत्याबाईंनी सांगितलं म्हणून मी ते पोर्तुगालचं बघितलं. पण यात तर अंड्यांचा नुसता पिवळा बलक सांगत्यात. सहा-सहा, आठ-आठ. चार ठिकाणी बघितलं.”

इथं मी आक्काच्या घरच्यांशी पहिल्यांदा उघड खोटं बोललो. “अगं, सगळीकडे तसं नसतं. बिनअंड्याचंही करतात तिथं. आम्ही खाल्लं ते तसलं होतं.”

“मी तेच म्हणलं आत्याबाईंना,” ती म्हणाली. “म्हणलं, मोबाईलवाल्यांना काय कळतंय. मामा सोबत व्हते.”

दोन दिवसांनी आक्काचाच फोन. “भाऊ, शहरातनं येताना शहागंजातून खारी आण. ती चुरून, तुपात कालवून वाटीवाणी थापते खाली, वर कस्टर्ड. पण आपल्या नेहमीच्या बेकरीतूनच आण. दुसरीकडची नको.”

त्या बेकरीत मी लहानपणी वडिलांबरोबर जायचो. आता म्हाताऱ्या मालकाचा मुलगा बसतो, तोही साठीला आलेला. मी दोन किलो खारी मागितली आणि आक्काचा प्रश्न, तिची सवय म्हणून, आपोआप तोंडातून निघाला. “अंडा नहीं है ना इसमें?”

“हौ, नहीं है,” तो खारी तोलता तोलता म्हणाला. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं, मी संशय घेतल्यासारखं. “डालडा है साब, अंडा नहीं. केक में है, वो मैं पहलेच बोल देता. खाने की चीज में झूट कायको बोलूँगा? लोगाँ भरोसे पे मुँह में डालते.”

तो माझ्याशी सहज बोलत होता. दुकानात गर्दी होती, मागं रांग होती, आणि तरी तो थांबून मला हे समजावत होता. मी पुडकं घेऊन बाहेर आलो आणि गाडी घराकडे न वळवता करमाडच्या दिशेनं जालना रोडला घेतली.

आक्का स्वयंपाकघरात गॅसवर दूध ढवळत उभी होती. कस्टर्ड घट्ट व्हायला लागलं होतं. सून उंबऱ्याजवळ बसून वेलदोडे सोलत होती. मी खारीचं पुडकं ओट्यावर ठेवलं आणि उभ्या उभ्या म्हणालो, “आक्का, लिस्बनच्या त्या पेस्ट्रीत अंडं होतं.”

तिचा हात थांबला नाही. “कोणत्या?”

“सगळ्यांत.”

“ती पोरगी तर येस म्हणली.”

“येस म्हणजे आहे म्हणाली ती. त्यांच्यात तसं असतं.”

“मग तुला कधी कळलं?”

सुटायचं दार इथं होतं. परवा मोबाईलवर बघितलं, असं म्हणता आलं असतं. गाडीतून येताना मी ते वाक्य तयारही करून ठेवलं होतं, इतका मी पक्का आहे. पण सून माझ्याकडे बघत होती.

“तिथंच कळलं. ती बोलली तेव्हाच.”

आक्कानं गॅस बंद केला. डावाला लागलेलं कस्टर्ड पातेल्याच्या कडेला पुसून काढलं, दोन्ही बाजूंनी, नीट.

“किती खाल्ल्या मी?”

“सात-आठ असतील.”

“मला इंग्रजी येत नाय म्हणून?”

“नाही गं आक्का. तसं नाही. मागं रांग होती...”

“रांग,” ती म्हणाली. “रांग व्हती म्हणून.”

माझ्या थोरल्या बहिणीच्या आवाजात माझ्याबद्दलची तुच्छता मी पहिल्यांदा ऐकली. मी इतरांना आयुष्यभर वाटत आलो ती तुच्छता समोरून येते तेव्हा कशी लागते, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रडली असती तर त्याहून बरं.

“मामा,” सून म्हणाली, “मी फोन केला तवाबी तुम्हाला ठाव व्हतं?”

“हो.”

“मंजी मी तुमच्या भरवशावर आत्याबाईंना खोटं सांगितलं.” ती उठली आणि वेलदोड्यांची ताटली घेऊन आत गेली.

आक्कानं खारीच्या पुडक्याकडे बघितलं. “आन् हे?”

“यात नाही. मी विचारलं.”

“कोणाला?”

“बेकरीवाल्याला.”

“त्यानं सांगितलं का? मग चालंल,” ती म्हणाली, आणि पुडकं उचलून फडताळात ठेवलं.

मग तिनं पाय धुतले, धुतलेलं लुगडं नेसली आणि म्हणाली की तिला आश्रमात जायचंय. पौर्णिमेपर्यंत थांबायचं नाही, आताच. चूक नकळत झाली तरी तिथं जाऊन सांगायची आणि ते जे प्रायश्चित्त देतील ते घ्यायचं, अशी त्यांची रीत. मी म्हणालो मी सोडतो. ती नको म्हणाली नाही. गाडीत मात्र मागं बसली. एरवी ती माझ्या शेजारी बसते आणि रस्त्यावरच्या प्रत्येक शेताचा मालक सांगते. त्या दिवशी आरशात मला तिची फक्त कपाळाची कड दिसत होती.

आश्रम मुख्य रस्त्यापासून आत आहे. तिला सोडल्यावर मी गाडी लावली, नळावर हातपाय धुतले आणि दाराशी उभा राहिलो. मनात सगळी तयारी झाली होती. आत बोलावतील, मी मान खाली घालून सांगेन की चूक हिची नाही, माझी आहे, मला माहीत होतं. मी काय सांगणार त्याचे शब्दसुद्धा जुळवले होते. खरं तर त्या शब्दांची मला थोडी ओढच लागली होती. कोणीतरी मला दोषी म्हणावं, काहीतरी उपास-तापास सांगावा, तो मी मन लावून करावा आणि मोकळं व्हावं. पोर्तुगालसारखंच.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली. मागं कोणी नव्हतं. कोणी मला बोलावलं नाही.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“ते तुला कशाला?”

“मला माहीत होतं, हे सांगितलंस ना त्यांना?”

ती चप्पल शोधत होती. “नाय.”

“का? आक्का, चूक माझी आहे. मी येतो आत, मी सांगतो.”

“तुझं काय सांगायचं तिथं?” ती म्हणाली. तिला चप्पल सापडली होती, ती एका हातानं भिंतीला धरून पायात घालत होती. “मी अंडं खाल्लं, मी सांगितलं. तोंड माझं, नेम माझा. त्यात तू कुठं आला? तू काय नेम धरलाय का, मोडायला?”

 बोलण्यासारखं माझ्याकडे एवढंच होतं आणि ते तिनं घेतलं नाही.

“गाडी काढ,” ती मागचं दार उघडत म्हणाली. “दूध उघडं राहिलंय घरी.”

मी गाडी काढली.